जुन्या मशीनसाठी कंपायलर बांधणं आणि क्रॉस-कंपाइल करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅमिंग्टन रोडवरून उचललेला पेंटियम ३, चोर बाजारात मिळालेला राउटर, डोंबिवली एमआयडीसीत एखाद्या मशीनच्या पोटात अजून चालणारा जिओड या जुन्या एएमडी प्रोसेसरचा पीसी, कपाटात पडून राहिलेला पहिला रास्पबेरी पाय. असल्या हार्डवेअरवर आजचं सॉफ्टवेअर चढवायला निघालेले लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत. क्रॉस-कंपाइल म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी प्रोग्राम बांधणं. उत्तरं लिनक्स आणि जीसीसी (ग्नूचा कंपायलर, म्हणजे सोर्समधून चालता प्रोग्राम बनवणारा) धरून आहेत. आज्ञा, पर्याय आणि एरर देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.

मशीन जुनं आहे, मग कंपायलरही त्या काळचाच घ्यायचा ना?

नाही. निम्मे घोळ या समजुतीतून सुरू होतात. आजचा जीसीसी ४८६ साठीसुद्धा कोड काढून देतो. अडतं ते प्रोसेसरच्या भोवती जे असतं त्यात: कर्नल (सिस्टिमचा गाभा), सी लायब्ररी, लोडर (प्रोग्राम सुरू करताना त्याच्या लायब्ऱ्या जोडणारा), आणि प्रत्येक प्रोग्रामला गुपचूप जोडल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या ऑब्जेक्ट फाइली. कंपायलर नवा घ्या आणि त्याला टार्गेटच्या, म्हणजे जुन्या मशीनच्या, मापाची लायब्ररी द्या, हे सहसा जमतं. वीस वर्षांपूर्वीचा जीसीसी आजच्या उबुंटूवर बांधायला बसाल तर मूळ काम बाजूला राहतं आणि कंपायलरचीच डागडुजी सुरू होते.

अपवाद आहेत. जीसीसीने काही गोष्टींचा आधार काढून टाकला आहे: जुन्या एबीआयचं (बायनरींनी एकमेकींशी कसं जुळायचं त्या नियमांचं) आर्म लिनक्स ४.८ मध्ये गेलं, आर्म-व्ही-२ आणि व्ही-३ हे ९ मध्ये गेले. कधी कंपायलर ओळखतो पण कर्नल ओळखत नाही. लिनक्सने ३८६ ला ३.८ या आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली, निरोप दिला. आणि २.४ मालिकेतला कर्नल बांधायचा असेल तर मात्र त्या काळचाच जीसीसी हवा, नव्याला तो सोर्स पचत नाही.

त्या जुन्या मशीनवरच कंपाइल केलं तर क्रॉसची भानगडच नको, नाही का?

छोट्या सी प्रोग्रामला चालेल. जीसीसी स्वतः बांधायचा असेल तर २५६ एमबी रॅमवर तो विचार सोडून द्या. ४.८ पासून जीसीसीचा सोर्स सी++ मध्ये आहे आणि त्याच्या काही फाइली एकेकट्याच शेकडो एमबी खातात.

सुरुवात करण्यापूर्वी मशीनबद्दल काय टिपून ठेवू?

प्रोसेसरचे फ्लॅग (प्रॉक खालची सीपीयूइन्फो फाइल), कर्नलची आवृत्ती (यूनेम), सी लायब्ररी कोणती आणि कितवी, आणि लिब फोल्डरमधल्या लोडरचं नेमकं नाव. एवढं कागदावर असेल तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

सगळ्यात खात्रीची युक्ती अशी: त्या मशीनवर चालत असलेली एक बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम), बिझीबॉक्स (अनेक छोट्या आज्ञांची एकच फाइल) असेल तर उत्तमच, पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर आणा आणि रीडएल्फ या बायनरीची माहिती सांगणाऱ्या टूलला दाखवा. हेडरमध्ये आर्किटेक्चर आणि एंडियन (आकड्याचे बाइट कोणत्या क्रमाने ठेवतात ते) कळतं. आर्म असेल तर कॅपिटल ए हा पर्याय देऊन कोणती आवृत्ती आणि कोणतं फ्लोटिंग पॉइंट तेही कळतं. डब्यावर काय छापलंय यापेक्षा चालती बायनरी जे सांगते ते खरं.

बिल्ड, होस्ट आणि टार्गेट यांत माझा दर वेळी गोंधळ होतो.

जिथे बांधता ते बिल्ड, बांधलेली वस्तू जिथे चालणार ते होस्ट, आणि ती वस्तू कंपायलर असेल तर तो ज्याच्यासाठी कोड काढणार ते टार्गेट. साधी लायब्ररी किंवा प्रोग्राम बांधताना टार्गेट द्यायचंच नसतं, फक्त होस्ट द्यायचं. कॉन्फिगरला होस्टच्या जागी टार्गेट दिलं की तो निमूटपणे तुमच्या लॅपटॉपसाठीच बायनरी बनवतो आणि चूक शेवटी, ती मशीनवर नेल्यावर कळते. तिन्ही वेगवेगळी असतील तर त्याला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढीच त्यामागची गंमत.

क्रॉस-कंपायलर बांधताना क्रम काय ठेवायचा? ग्लिबसीला (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीला) जीसीसी हवा आणि जीसीसीला ग्लिबसी हवी.

म्हणून जीसीसी दोनदा बांधतात. आधी बिनयुटिल्स (असेम्बलर, लिंकर वगैरे). मग फक्त सी भाषेचा, लायब्ररीविना चालणारा जीसीसी आणि त्याची मदतनीस लायब्ररी लिबजीसीसी. मग कर्नलचे हेडर, मग ग्लिबसी किंवा मसल (ग्लिबसीऐवजी चालणारी छोटी सी लायब्ररी), आणि शेवटी सी++ सकट पूर्ण जीसीसी. पहिल्या फेरीत ‘विदाउट हेडर्स’ दिला नाही आणि शेअर्ड लायब्ररी, थ्रेड वगैरे बंद केले नाहीत की लिबजीसीसी बांधताना हेडर सापडत नाही म्हणून गाडी अडते. म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर झाला.

आणखी दोन पथ्यं. जीसीसीच्या सोर्स फोल्डरच्या आतच कॉन्फिगर चालवू नका, बाहेर वेगळं फोल्डर करा. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या तीन लायब्ऱ्या हाताने गोळा करत बसण्यापेक्षा सोर्समधल्या कॉन्ट्रिब फोल्डरातली ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ स्क्रिप्ट चालवा, ती जुळणाऱ्या आवृत्त्या आणते.

शिकण्यासाठी हे सगळं एकदा हाताने जरूर करा. कामासाठी हे सगळं आपोआप बांधणारं क्रॉसटूल-एनजी किंवा बिल्डरूट वापरा. हाताने बांधणं म्हणजेच खरं काम, असा एक मान आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आहे. मला तो पटत नाही.

पहिल्या रास्पबेरी पायवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येतं. मार्च पर्यायात (कोणत्या आर्किटेक्चरसाठी कोड काढायचा ते सांगणाऱ्या) आर्म-व्ही-६ दिलंय, तरीही!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१२ चा पहिला पाय आणि पहिला पाय झिरो यांत एआरएम ११७६ हा प्रोसेसर आहे. तो आर्म-व्ही-६. डेबियन किंवा उबुंटूमधून ॲप्टने मिळणारा ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ कंपायलर मात्र आर्म-व्ही-७ धरून बनवलेला असतो. तुम्ही मार्च बदललं की तुमचा कोड व्ही-६ चा होतो, पण त्याला जोडल्या जाणाऱ्या सीआरटी फाइली (वर सांगितलेल्या सुरुवातीच्या ऑब्जेक्ट फाइली), लिबजीसीसी आणि स्टॅटिक लिंक केलं (लायब्ररी प्रोग्रामच्या आतच घातली) असेल तर अख्खी ग्लिबसी, हे सगळं व्ही-७ चंच राहतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? प्रोग्राम मेनपर्यंत पोचायच्या आधीच मरतो. मग लोक मेनमध्ये प्रिंटएफ टाकून शोधत बसतात आणि तिथे काहीच छापलं जात नाही.

त्यात भर म्हणजे पायसाठी पुन्हा बांधलेल्या रास्पबियनचं ट्रिपलेट (आर्किटेक्चर आणि सिस्टिम सांगणारं नाव) आणि लोडरचं नावही डेबियनसारखंच आहे. नावावरून काही कळत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. तयार बायनरीवर रीडएल्फ चालवून ‘टॅग सीपीयू आर्क’ बघा. तिथे व्ही-७ दिसलं की चोर सापडला.

उपाय: जीसीसी कॉन्फिगर करतानाच ‘विथ आर्क’ला आर्म-व्ही-६, ‘विथ एफपीयू’ला व्हीएफपी आणि ‘विथ फ्लोट’ला हार्ड देऊन पूर्ण टूलचेन (कंपायलर, लिंकर, लायब्ऱ्या) बांधा, ग्लिबसीसकट. फ्लॅग बदलून हे सुटत नाही.

पेंटियम ३ किंवा जिओडवरही हीच एरर येते. तिथे काय बघू?

आधी नेमकी कोणती सूचना (इन्स्ट्रक्शन) प्रोसेसरला न कळून अडली ते बघा. जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम मेला की प्रोग्राम काउंटरच्या जागची सूचना दाखवायला सांगा. बहुतेक वेळा चारांपैकी एक निघतं.

एक्सएमएम रजिस्टरवर दुहेरी अचूकतेचं गणित दिसलं तर तो एसएसई-२ हा नंतरच्या प्रोसेसरांतला सूचनासंच. पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपीमध्ये तो नाही. मार्च पेंटियम ३ आणि एफपीमॅथ ३८७ (दशांशी गणिताची जुनी पद्धत) द्या. ‘सीमूव्ह’ दिसलं आणि मशीन ५८६ वर्गातलं असेल तर तुम्ही ६८६ साठी बांधलंय. डेबियनने २०१७ च्या स्ट्रेचमध्येच ५८६ सोडलं, त्यामुळे तिथल्या लायब्ऱ्याही चालणार नाहीत. ‘एंडबीआर-३२’ दिसलं तर मामला वेगळा: आजच्या उबुंटूचा जीसीसी आपणहून सीएफ-प्रोटेक्शन (प्रोग्राम भलत्या वाटेने वळवला जाऊ नये म्हणूनचं संरक्षण) चालू ठेवतो. बहुतेक प्रोसेसर ही सूचना काही न करता पुढे जातात, पण जिओड एलएक्स लांब नोप (काहीच न करणारी सूचना) ओळखत नाही आणि तिथेच बसतो. पर्यायात ‘एफ-सीएफ-प्रोटेक्शन बरोबर नन’ द्या, आणि लायब्ऱ्याही तशाच बांधलेल्या हव्यात. चौथं कारण मार्चला नेटिव्ह, म्हणजे बांधणाऱ्या लॅपटॉपचाच प्रोसेसर, दिलेलं असणं. त्यावर वेगळं बोलायला नको.

कोड सीचा नसेल तर वेगळं बघावं लागतं. रस्टचं ६८६ टार्गेट पेंटियम ४ धरून चालतं. गो १.१६ पासून जुन्या ३८७ चा आधार गेला. एसएसई-२ नसलेल्या प्रोसेसरवर ‘गो-३८६’ या व्हेरिएबलला सॉफ्टफ्लोट द्यावं लागतं, आणि गणित हळू होतं.

फाइल समोर दिसतेय, परवानगीही दिलीय, तरी शेल म्हणतो ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

सापडत नाही तो तुमचा प्रोग्राम नव्हे, त्याचा लोडर. बायनरीत लोडरचा पत्ता लिहिलेला असतो. हार्ड-फ्लोटच्या (दशांशी गणित हार्डवेअरने करणाऱ्या) बायनरीला ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ’ हवा असतो आणि मशीनवर सॉफ्ट-फ्लोटवाला असतो. सिमलिंक करून भागवू नका, कारण दोन्हींत फ्लोट आर्ग्युमेंट देण्याची पद्धतच वेगळी आहे. प्रोग्राम चालेल आणि आकडे चुकीचे देईल. एमआयडीसीतल्या मशीनवर ते परवडत नाही.

‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’, ‘कर्नल टू ओल्ड’, आणि कधी नुसतंच ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’. तिन्ही एकच का?

मूळ एकच: बांधलं नव्या घरात, नेलं जुन्या घरात. पण उपाय वेगळे आहेत.

पहिल्यात लायब्ररी जुनी पडते. २०२१ च्या २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवं आवृत्ती-चिन्ह मिळालं. त्यामुळे ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा २.३४ मागतो. दुसऱ्यात कर्नल जुना पडतो. २.२६ पासून ग्लिबसीला किमान ३.२ कर्नल लागतो, स्टॅटिक लिंक केलं तरी ही अट चुकत नाही.

तिसरं फसवं आहे. तुमच्या कोडमध्ये एकही भागाकार नसतो तरी हा मेसेज येतो. २००६ च्या २.५ पूर्वीच्या ग्लिबसीला ग्नू पद्धतीचं हॅश टेबल कळत नाही. जुन्या पद्धतीचं टेबल बायनरीत नसलं की लोडर शून्याने भागतो आणि कोसळतो. लिंकरला ‘हॅश-स्टाइल बोथ’ द्या.

तिन्हींवर एकदम चालणारा तोडगा म्हणजे मसल घेऊन स्टॅटिक लिंक करणं. छोट्या टूलसाठी मी दुसरं काही सुचवत नाही. मोठ्या सॉफ्टवेअरला प्लगइन वगैरे लागतात, तिथे टार्गेटवरच्या ग्लिबसीइतकीच जुनी ग्लिबसी सिसरूटमध्ये (टार्गेटच्या लायब्ऱ्या आणि हेडर ठेवायच्या फोल्डरात) ठेवून बांधा.

जुना जीसीसीच बांधायचा आहे, इलाज नाही. आजच्या उबुंटूवर काय काय मोडेल?

४.८ च्या आसपासचे धरले तर हे, साधारण याच क्रमाने. ‘सीएफएनएस-जीपर्फ’मध्ये इनलाइनवरून तक्रार: सी++ ला जुनं, ग्नू ९८ चं मानक द्या. ४.७ किंवा त्याआधीचे असतील तर दस्तऐवज बांधताना टेक्सइन्फो ५ रुसतं. मेकइन्फोच्या जागी ‘मिसिंग’ द्या, मॅन्युअल कोणाला हवंय. ‘सीआरटीआय डॉट ओ सापडत नाही’: ४.७ च्या आधीच्या जीसीसीला डेबियनचे मल्टिआर्क (दर आर्किटेक्चरला वेगळे) फोल्डर माहीत नाहीत, लायब्ररी पाथमध्ये ते द्या. ‘स्टब्स-३२ डॉट एच’ नाही: मल्टिलिब (३२ आणि ६४ बिट दोन्हींच्या लायब्ऱ्या) बंद करा. मग ‘स्ट्रक्ट यूकॉन्टेक्स्ट’ची एरर, कारण ग्लिबसी २.२६ मध्ये ते नाव बदललं. इथे सोर्समध्ये एका ओळीचा पॅच लागतो. आणि यूस्टॅटचं हेडर २.२८ मध्ये काढून टाकलंय, त्यासाठी लिबसॅनिटायझर बंद.

एवढं करण्यापेक्षा जुन्या डेबियनचा कंटेनर घेणं शहाणपणाचं. पॅकेज आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्गवर आहेत. कंटेनर सुरू होताच १३९ कोड देऊन मरत असेल तर होस्ट कर्नलला बूट करताना ‘व्हीसिसकॉल बरोबर एम्युलेट’ द्या. जुनी ग्लिबसी तो रस्ता वापरते आणि नवे कर्नल तो बंद ठेवतात.

उलटी वेळ, म्हणजे अगदी जुन्या सिस्टिमवर नवा जीसीसी बांधायची, आली तर शिडी वापरा. ४.७ ला नुसता सी कंपायलर पुरतो. त्याने ४.९ बांधा. ११ ते १४ ला सी++११ येणारा कंपायलर लागतो, तो ४.९ आहेच. १५ ला सी++१४ हवं, ते १४ देईल.

बिल्ड अर्ध्यात ‘किल्ड’ एवढंच म्हणून थांबतो.

मेमरी संपली. कंपायलरचा दोष नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कर्नलने कोणाला मारलं ते लिहिलेलं असतं. मेकचं समांतर काम कमी करा किंवा स्वॅप वाढवा.

दर वेळी वेगळ्याच फाइलवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो. पुन्हा मेक दिलं की पुढे सरकतो.

मग हार्डवेअर बघा. कंपायलरचा बग असेल तर तो रोज त्याच ओळीवर पडेल. जागा बदलते याचा अर्थ रॅम, तापमान किंवा पॉवर सप्लाय. जीसीसीचा बिल्ड मेमरी इतकी घुसळतो की रोजच्या वापरात न दिसणारी खोट त्यात उघडी पडते.

मुंबईत याला एक स्थानिक कारण आहे. पावसाळ्यातली दमट हवा आणि समुद्राचा खारेपणा यांनी रॅमचे सोनेरी पाय काळवंडतात. मशीन बंद करून, प्लग काढून, रॅम बाहेर काढा आणि शाळेतल्या खोडरबराने ते पाय हलकेच पुसा. लॅमिंग्टन रोडचा कोणताही दुरुस्तीवाला हेच पहिलं करतो. मग रात्रभर मेमटेस्ट लावा. त्यात एकही एरर आली तर ती काडी बदला. मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेलं मशीन दुपारी मरतं आणि पहाटे चालतं, असं असेल तर हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट बदला.

‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’, आणि त्यानंतर ‘ॲक्लोकल १.१५ सापडत नाही’. मी तर ऑटोमेक वापरतच नाही!

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलाय आणि घड्याळ मागे गेलंय. मेकला वाटतं की सोर्स फाइली भविष्यातल्या आहेत, म्हणून तो कॉन्फिगरसुद्धा नव्याने तयार करायला जातो आणि त्यासाठी ऑटोमेकचा ॲक्लोकल मागतो. सेल बदला, तारीख लावा, सोर्स पुन्हा उघडा. टार उघडताना वेळा जपल्या गेल्या नाहीत किंवा गिटमधून सोर्स घेतला तरी असं होतं. मग सगळ्या फाइलींना योग्य क्रमाने टच करावं लागतं.

‘बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर’ म्हणजे काय?

जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या ऑब्जेक्ट फाइली जुळल्या नाहीत की हा मेसेज येतो. बांधणारा कंपायलर चुकीचा कोड काढत असेल किंवा रॅम खराब असेल. ऑप्टिमायझेशनचे स्वतःचे फ्लॅग घुसवले असतील तर आधी ते काढा. क्रॉस-कंपायलर बांधताना ही तपासणी नसतेच.

कॉन्फिगर म्हणतो ‘क्रॉस-कंपाइल करताना टेस्ट प्रोग्राम चालवता येत नाही’. आणि शेवटी ‘आरपीएल-मॅलॉक’ नावाचं भूत कुठून येतं?

कॉन्फिगरला काही उत्तरं प्रोग्राम चालवूनच मिळतात आणि आर्मची बायनरी लॅपटॉपवर चालत नाही. मग तो वाईटात वाईट गृहीत धरतो. मॅलॉकला (मेमरी मागणाऱ्या फंक्शनला) शून्य दिलं तर काय होतं हे कळलं नाही, म्हणून त्याच्या जागी आरपीएल-मॅलॉक वापरायचं ठरवतो, आणि ते सोर्समध्ये कोणी लिहिलेलंच नसतं. कॅशचं व्हेरिएबल, म्हणजे ‘एसी-सीव्ही-फंक-मॅलॉक-झिरो-नॉननल’, येस करून द्या.

याचं भावंड म्हणजे ‘स्किपिंग इनकंपॅटिबल’ हा लिंकरचा मेसेज. लायब्ऱ्या कुठे आहेत ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगने तुमच्या लॅपटॉपच्या लायब्ऱ्यांचे पत्ते दिलेत. पीकेजी-कॉन्फिग-लिबडिर सिसरूटच्या आत वळवा. आणि आर्क-६४ (६४ बिटी आर्म) मशीनवर बसून जुनं पॅकेज बांधताना ‘बिल्ड टाइप ओळखता येत नाही’ आलं तर त्यातल्या कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब या दोन फाइली नव्या ऑटोमेकमधून आणून टाका.

जुना सोर्स नव्या जीसीसीवर शेकडो एरर देतो. सोर्स बिघडलाय का?

सोर्स तोच आहे, नियम बदलले. जीसीसी १० पासून एकच ग्लोबल दोन फाइलींत जाहीर केलं तर ‘मल्टिपल डेफिनिशन’ येतं, एफ-कॉमन द्या. १४ ने न जाहीर केलेली फंक्शनं आणि चुकीचे पॉइंटर थेट एरर केले. १५ मध्ये डीफॉल्ट मानक सी-२३ झालं, त्यामुळे बूल नावाचा स्वतःचा टाइप असलेला आणि रिकाम्या कंसांवर चालणारा सगळा कोड अडतो. मानक ग्नू १७ द्या. जीसीसी १४ च्या एरर गप्प करण्याआधी मात्र एकदा वाचा. ६४ बिटवर न जाहीर केलेलं फंक्शन पॉइंटरचा अर्धा भाग कापून परत देतं, ही खरीच चूक असते.

बिल्ड होतो, चालतो, पण उत्तर चुकतं.

आर्मवर साधा कॅर टाइप अनसाइन्ड (उणे आकडे न ठेवणारा) असतो. गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी तुलना केली असेल तर लूप कधी संपतच नाही. एफ-साइन्ड-कॅरने तात्पुरतं भागतं, नीट उपाय इंट वापरणं. आर्म-व्ही-५ वर चार बाइटच्या सीमेवर नसलेला पत्ता वाचला तर एरर न येता फिरवलेला आकडा मिळू शकतो. प्रॉक-सीपीयूमधली अलाइनमेंट फाइल बघा, तिथे अशा वाचनांची मोजणी असते. पेंटियम ३ वर शेवटच्या दशांशात फरक पडतो तो ३८७ च्या ८० बिटी रजिस्टरमुळे.

दर वेळी लोकलने मशीन नेऊन तपासण्यापेक्षा क्वेमू या एम्युलेटरवर भागेल का?

बरंच भागेल. सिसरूटचा पत्ता आणि सीपीयूचं नाव देऊन यूजर मोडमध्ये बायनरी चालवा. सीपीयूचं नाव दिलं नाहीत तर तो सगळं येणारा प्रोसेसर धरतो आणि तपासणीला अर्थ उरत नाही. कर्नल मात्र तुमच्याच लॅपटॉपचा असतो, त्यामुळे ‘कर्नल टू ओल्ड’ तिथे दिसणार नाही. अलाइनमेंटच्या भानगडीही नाहीत. त्या दोन्ही खऱ्या मशीनवरच बघाव्या लागतात.

राउटरसाठी काही वेगळं?

मिप्स प्रोसेसर असेल तर एंडियन आधी बघा: अथेरॉस कंपनीचे बहुतेक बिग, रालिंकचे लिटल. एफपीयू (दशांशी गणिताचं हार्डवेअर) सहसा नसतो, म्हणून सॉफ्ट-फ्लोट. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या लिनक्सचं त्या आवृत्तीचं एसडीके (तयार बांधणीचा संच) मिळत असेल तर स्वतः टूलचेन बांधू नका. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरना नव्या आवृत्त्यांत आधार नाही.

डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी ८०५१ आहे. आणि घरी एक डॉसचं मशीनही आहे.

८०५१ साठी जीसीसी नाहीच, एसडीसीसी घ्या. डॉसवर ३८६ किंवा पुढचं असेल तर डीजेजीपीपी (डॉससाठीचा जीसीसी). १६ बिटी बायनरी हवी असेल तर ओपन वॉटकॉम, तो लिनक्सवरूनही डॉससाठी कंपाइल करतो.